दोघी जावा आणि उन्हाची शहरं

मिल्टन कीन्स

फेब्रुवारी संपत आला की इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये माणसं हवामानाबद्दल बोलायचंही सोडून देतात. बोलून बोलून कंटाळा येतो. त्या आठवड्यात मला सूर्य दिसला होता तो टेलीवरच्या जाहिरातीत, आणि तोही कुठल्या तरी स्पॅनिश बेटावरचा. तर अशाच एका संध्याकाळी मी रेडवेनं, म्हणजे आमच्या गावभर फिरणाऱ्या त्या लाल पायवाटेनं, नेहमीसारखी वहिनींकडे गेले. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, कुमुदिनी. त्या नागपूरच्या, मी पुण्याची. एवढं सांगितलं की आमच्यातले निम्मे वाद कळतात. मोठे दीर गेल्यापासून आमचा शिरस्ता ठरून गेलाय. मी भाजीचा डबा घेऊन जायचं, त्यांनी चहा टाकायचा, आणि दोघींनी मिळून बाकी सगळ्या जगाला नावं ठेवायची.

त्या दिवशी चहाच्या आधीच त्यांनी सांगितलं की निखिलनं कागदपत्रांचं सगळं पार पाडलंय. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा. इथं जन्मला, इथं शिकला आणि आता टेक्ससमधल्या ऑस्टिनला घर, बायको, नोकरी असं सगळं करून पक्का अमेरिकन झालाय. आईनं कायमचं तिकडे राहायला यावं असा त्याचा हट्ट. मार्चमध्ये ये, घर बघ, थोडी राहा आणि हो की नाही ते सांग, असं त्याचं म्हणणं.

"मग काय ठरवलंत?" मी शक्य तितकं सहज विचारलं.

"बघू. त्याला बरं वाटणार असेल तर जाईन."

आणि मी म्हणाले काय, तर "छानच की." एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ ठीक. पुढे म्हणाले, "एकट्या कशाला जाता? मी येते सोबतीला. आधी दोघी उन्हाची एक-दोन शहरं बघू, मग निखिलकडे." मनात बेत असा, की रस्ताभर यांना मिल्टन कीन्सच्या इतक्या आठवणी करून द्यायच्या की ऑस्टिनला पोचेपर्यंत यांचं उत्तर तयार असेल. मला त्या जायला नको होत्या. हे इथंच सांगून टाकते, कारण त्यांना सांगायला मला अर्धी अमेरिका ओलांडावी लागली.

मग एका रविवारी आमच्याकडे शहरं निवडायला बसलो. वसंतात कुठं जावं हे सांगणारी पानं इंटरनेटवर ढिगानं आहेत. वॉशिंग्टनला चेरी फुलते, सॅन अँटोनिओला नदीतून बोटी फिरतात, टूसॉनला निवडुंगं, न्यू ऑर्लिन्सला बँड आणि खाणं, सव्हानाला जुने चौक आणि अझेलियाची फुलं. आम्ही दोघी लॅपटॉपसमोर खुर्च्या ओढून बसलो.

"तुम्हाला कुठलं आवडतंय?"

"मला काय, कुठलंही चालेल. तू सांग."

"छे, तुम्ही म्हणाल तेच."

"अगं, ड्रायव्हिंग तुला करायचंय, तर तूच ठरव ना."

चहा गार झाला तरी आमचं हेच. आमच्या घरात सून म्हणून आल्यापासून हीच रीत आहे. आपल्याला काय हवंय ते तोंडानं बोलायचं नाही. समोरच्याला काय हवं असेल ते ओळखायचं आणि मग तेच आपल्याला हवंय असं ठोकून द्यायचं. कुणी मुद्दाम शिकवलं नाही, अंगवळणी पडलं. शेवटी सव्हानाचा फोटो आला तेव्हा वहिनी "अय्या, किती फुलं" म्हणाल्या आणि मी ओळखलं.

"मला सव्हाना बघायचंच होतं," मी म्हणाले.

"मलाही," वहिनी म्हणाल्या.

माझा नवरा श्रीकांत शेजारी पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपराआडूनच विचारलं, "सव्हाना कुठे आहे?" दोघींपैकी एकीलाही नीट माहीत नव्हतं. तिकिटं मात्र काढून झाली होती.

सव्हाना

सव्हाना हे शांत, सावलीचं, जुन्या वळणाचं गाव आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. असेलही. आम्ही पोचलो तेव्हा सेंट पॅट्रिकचा, म्हणजे आयरिश लोकांचा हिरव्या रंगाचा सण होता आणि सारं गाव हिरवं झालेलं. माणसांच्या टोप्या हिरव्या, कुत्र्यांचे पट्टे हिरवे, बागेतल्या भल्याथोरल्या कारंज्याचं पाणीसुद्धा हिरवं. भर दुपारी माणसं प्लास्टिकच्या ग्लासातून काहीबाही पीत रस्त्यानं गात चालली होती. वहिनींनी नेमका मोरपिशी कुडता घातलेला. त्यामुळे येणारा-जाणारा त्यांना शुभेच्छा देत होता आणि एका आजोबांनी तर त्यांच्या गळ्यात हिरव्या मण्यांची माळच घातली.

"थँक यू," वहिनी म्हणाल्या आणि माळ नीट केली. मग मला हळूच विचारलं, "हे आपल्याला ओळखतात का गं?"

हॉटेलात वेगळीच तऱ्हा. अमेरिकेत हॉटेलच्या खोलीत किटली नसते. आमच्या इंग्लंडात एखाद्या गेस्ट हाउसला छप्पर गळकं असेल, पण किटली असणारच. वहिनींना हे कुणी तरी सांगितलेलं, म्हणून त्यांनी घरची किटली बॅगेत घालून आणली होती. प्लगही बदलून लावला. पण तिकडची वीज पडली नाजूक. आम्ही आंघोळी उरकल्या, कपडे लावले, श्रीकांतला फोन करून भाजी कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं, तरी पाणी आपलं तान्ह्या बाळाला घालण्याइतकंच कोमट. त्यातच टीबॅग बुडवली आणि चहा झाला असं दोघींनी मान्य केलं. खाली हॉटेलात चहा मागितला तर बर्फ घातलेलं गोडमिट्ट काहीतरी उंच ग्लासातून आलं. वहिनींनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि सबंध ग्लास संपवला.

दुसऱ्या दिवशी गर्दी जरा ओसरली आणि आम्ही एका चौकात बाकावर बसलो. सव्हानातले ओक म्हणजे न्हाव्याकडे न गेलेली झाडं. फांद्याफांद्यांवरून राखाडी शेवाळाच्या दाढ्या लोंबत असतात. खाली अझेलिया फुललेली, गुलाबी आणि पांढरी, इतकी की पानं दिसत नव्हती. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू? पण मला पाहायला दहा मिनिटं पुरली. फुलं बघून मी काय करणार? मला भूक लागली होती.

"आवडलं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मला? मी तर तुझ्यासाठी म्हणून आले."

"माझ्यासाठी? अहो वहिनी, तुम्हीच नाही का अय्या म्हणालात?"

"अगं, फुलं दिसली तर माणूस अय्या म्हणणार नाही तर काय म्हणेल? तू म्हणालीस बघायचंच होतं."

"मी तुमच्यासाठी म्हणाले."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "मग तुला कुठं जायचं होतं?"

मी जरा आढेवेढे घेतले आणि म्हणाले, "न्यू ऑर्लिन्स."

वहिनींना आनंद झाला किंवा राग आला की त्यांची नागपुरी बाहेर येते. या वेळी दोन्ही झालं होतं. "मंग काहून नाही बोलली? मले पण तिथंच जायचं होतं."

आम्ही इतक्या हसलो की समोरच्या बाकावरचं जोडपं उठून गेलं. दोघींच्या मनात एकच शहर, आणि दोघी बसलोय भलत्याच शहरात, एकीच्या गळ्यात हिरवी माळ. तिथंच नियम केला. यापुढे या प्रवासात "चालेल" आणि "तू म्हणशील ते" बंद. जिच्या तोंडून निघेल तिनं दोघींच्या बॅगा उचलायच्या. आणि काय गंमत बघा, तो नियम झाल्यावर आम्हाला काय अवदसा आठवली कोण जाणे, आम्ही हॉटेलात परत आलो, उरलेल्या रात्रींवर पाणी सोडलं आणि न्यू ऑर्लिन्सची तिकिटं काढली. श्रीकांतला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला बरं नाही का?" आम्हाला फार म्हणजे फारच बरं होतं.

न्यू ऑर्लिन्स

या शहरात सकाळी नाश्त्याला पिठीसाखरेत पुरलेली चौकोनी भजी मिळतात. बेनये म्हणतात त्यांना. खाताना श्वास सोडायचा नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी हसल्या आणि माझा नेव्ही ब्लू टॉप पांढराशुभ्र झाला. मग मी हसले आणि त्यांचं कार्डिगन गेलं. त्यांनी ते काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. ऊन चांगलं कडकडीत होतं. वहिनींचे उघडे दंड मी किती वर्षांनी बघितले कोण जाणे. इंग्लंडात त्या जुलैतही कार्डिगन घालून फिरतात. कॅफेतून निघून बऱ्याच पुढे आल्यावर मला आठवलं की ते तिथंच राहिलं. मी परत वळले.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "मला नकोय."

दुपारी एका छोट्याशा खानावळीत गेलो. वाढणारी बाई आमच्यापेक्षा वयानं लहान, पण ती सगळ्यांनाच बेबी म्हणत होती. "काय देऊ तुला, बेबी?" असं तिनं वहिनींना विचारलं. अडुसष्ट वर्षांच्या वहिनींना आजवर अनेकांनी अनेक नावांनी हाक मारली असेल, ही मात्र पहिलीच. त्या लाजल्या. मेन्यूवर राजमा-चावल होतं, म्हणजे लाल बीन्स आणि भात, पण दिसायला सेम. वहिनी शाकाहारी, म्हणून मी विचारून घेतलं की यात मांस नाही ना. "छे गं बेबी," ती म्हणाली, "चवीपुरतं जरासं सॉसेज असतं." चवीपुरतं म्हणजे आपण मीठ घालतो तितक्या सहज तिनं सांगितलं. मग तिनं स्वतःच आत जाऊन वहिनींसाठी भेंडी आणि मका घालून काहीतरी करून आणलं. त्याच्याबरोबरचा तिखट सॉस वहिनींनी आधी थेंबानं घेतला आणि मग चमच्यानं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. "हे खरं जेवण," त्या म्हणाल्या. माझ्या पुणेरी आमटीला त्यांनी इतक्या वर्षांत हे कधी म्हटलं नव्हतं, ते मी तिथल्या तिथं ऐकवलं.

रविवारी बँड निघाला. मिरवणूकच, पण कशाची ते विचारायचं नाही, नुसतं मागून चालायचं. पुढे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ढोल, एका गृहस्थाच्या अंगाभोवती गुंडाळलेला केवढा तरी पितळी भोंगा, आणि मागे रुमाल उडवत नाचणारे लोक. मी फुटपाथवर उभी राहून फोटो काढत होते. फोन खाली केला तर वहिनी शेजारी नाहीत. त्या गर्दीत होत्या, पर्समधला घडीचा रुमाल डोक्यावर फिरवत. लाजत-बिजत नाही, नागपूरच्या वरातीत नाचावं तसं, खांदे उडवून. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलं जरा जोरात नाचली तर "हळू रे, शेजारी आहेत" म्हणणाऱ्या याच वहिनी.

मी धावत जाऊन त्यांना गाठलं. म्हणजे मीही नाचले. माझ्या गुडघ्याचं काय झालं ते माझ्या जीपीला, म्हणजे घरच्या डॉक्टरला सांगेन, इथं नको.

"नागपूरला आमच्या घरामागं बँडवाल्यांची वस्ती होती," धापा टाकत वहिनींनी सांगितलं. "लग्नसराईच्या आधी त्यांची तालीम चालायची. बाबा खिडकी लावून घ्यायचे, मी गणितं सोडवते म्हणून गच्चीवर जायची. इथं म्हणे रस्त्यात बँड निघतो, हे वाचल्यापासून मला यायचं होतं."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, कुठलंही चालेल."

मी आनंदात होते, पण त्या रात्री मला एक गोष्ट खटकली. दिवसभरात मिल्टन कीन्सची आठवण मला एकदाही झाली नव्हती, मग त्यांना कुठून करून देणार?

ऑस्टिन

निखिलनं विमानतळावर दोघींना एकदम मिठीत घेतलं. "काकू, तू किती काळी झाला," तो म्हणाला. त्याचं मराठी असंच आहे, लिंगांच्या भानगडीत तो पडत नाही. घरी केटीनं, त्याच्या बायकोनं, वहिनींची खोली मांडून ठेवली होती. मोठी खिडकी, खिडकीत तुळस, पलंगावर ऊन. मला ती खोली बघताक्षणी आवडली आणि म्हणूनच मी तिच्यावर चिडले.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली आणि निखिलनं गाडी आम्हाला ठेवली. कोथिंबीर आणायला मी आणि वहिनी निघालो. आता मी आहे मिल्टन कीन्सची. आमच्याकडे चौक नाहीतच, फक्त राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसे. उजवीकडच्याला जाऊ द्यायचं आणि संधी मिळाली की घुसायचं, बस. निखिलच्या वस्तीत वळणावळणावर चारी बाजूंनी थांबायच्या पाट्या. जो आधी आला त्यानं आधी जायचं. इतका सोपा नियम, पण मी आधी आले तरी जाईना. समोरच्या बाईंना हातानं म्हटलं, आधी तुम्ही. त्या टेक्ससच्या, त्यांनी मला म्हटलं, नाही नाही, तुम्हीच. डावीकडचे आजोबा दोघींना म्हणाले, चला की. मग उजवीकडे एक गाडी आली, तिलाही मी आधी पाठवलं. असं करत सगळे निघून गेले आणि चौकात आम्ही दोघीच राहिलो.

"चल आता," वहिनी म्हणाल्या.

"जाते."

"की थांब. एक विचारायचंय. मी काय करू, सुलभा? राहू का इथं?"

"तुम्हाला जे योग्य..."

"बॅगा उचलायला लावीन."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "नका राहू," मी म्हणाले. "मला नकोय तुम्ही इथं राहायला. निखिलचं काय, त्याला सगळं मिळालंय. मी संध्याकाळी कुणाकडे येऊ? श्रीकांतशी काय बोलू, त्याचा पेपर झाल्यावर? मी तुमची मिनतवारी करते आहे असं समजा. परत चला." आणि मी रडायला लागले, भर चौकात, अगदी फेंदारलेल्या नाकानं.

वहिनींनी माझा हात धरला.

"बरं झालं बोललीस," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, माझी सोबत करून तुला कंटाळा आला असेल. आता माझं ऐक. इथं यायचं ठरवून निघाले नव्हते. निखिलला नाही म्हणायचं कसं, याचाच विचार करत होते. पण मला राहायचंय. निखिलसाठी नाही, त्याला तसं वाटू दे हवं तर. सुलभा, मी लग्न होऊन इंग्लंडात आले तेव्हापासून मला थंडी वाजतेय. हे होते तेव्हाही वाजायची, पण कुरकुर करायला माणूस होता. त्या दिवशी कार्डिगन काढलं आणि मला वाटलं, अरे, ही मी. मला ऊन हवंय. रोज. एवढंच हवंय, पण फार हवंय."

मला राग आला. खरं सांगते, दुःख नंतर झालं, आधी राग आला. मीच यांना मागायला शिकवलं, आणि यांनी काय मागितलं? मागून एक ट्रक येऊन उभा राहिला होता. बिचाऱ्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मी गाडी काढली, चुकीच्या रस्त्याला लागले. दुकानातून कोथिंबिरीऐवजी तशीच दिसणारी पार्सली घेऊन आले.

संध्याकाळी वहिनींनी निखिलला सांगितलं. तो जेवता जेवता उठून बाथरूममध्ये गेला आणि लाल डोळ्यांनी परत आला. केटीनं टाळ्याच वाजवल्या. मग वहिनी म्हणाल्या, "पण माझी एक अट आहे. मला गाडी शिकायची. इथं गाडीशिवाय माणूस घरात कोंडतो, आणि मी खिडकीत बसून राहायला आलेली नाही."

"आई, या वयात? नो वे," निखिल म्हणाला.

"सुलभा शिकवेल."

मी ताटात बघत होते. मी रागावलेली होते आणि मी शिकवणार नव्हते. "शिकवते," मी म्हणाले.

परतीचा प्रवास, हीथ्रो आणि त्यानंतरचा पाऊस यात सांगण्यासारखं काही नाही. परत आले ती मी एकटीच. घर आवरायला वहिनी उन्हाळ्यात येतील. सांगायची आहे ती निघायच्या आदल्या सकाळची गोष्ट.

शनिवार होता. जवळच्या शाळेचं कार पार्क सबंध रिकामं, आभाळ निळंशार, कडेला कसली तरी जांभळी रानफुलं. वहिनींना मी स्टिअरिंगवर बसवलं. बिनगियरची गाडी, दोनच पेडल. पहिल्यांदा ब्रेक असा मारला की माझा चष्मा डॅशबोर्डवर गेला. दुसऱ्यांदा वायपर सुरू झाले आणि दोघींना ते बंद करता येईनात. आम्ही खिदळत होतो. हळूहळू गाडी सरळ जाऊ लागली, वळूही लागली.

"आता तू उतर," वहिनी म्हणाल्या. "मला एकटीला एक फेरी मारू दे."

"बरं. पण समोरच बघायचं. बाजूला कोण उभं आहे, काय करतंय, तिकडे मुळीच बघायचं नाही. रस्त्यावर नजर."

मी उतरून कडेला उभी राहिले. गाडी जरा हिसकली आणि निघाली. लांबच्या टोकाला जाऊन मोठ्ठं वळण घेतलं, अगदी सावकाश, आणि ऊन अंगावर घेत परत माझ्या दिशेनं आली. काच खाली केलेली, दंड उघडे, मान ताठ. मी दोन्ही हात हलवले, ओरडले, रडत होते की हसत होते मलाच कळत नव्हतं. वहिनी माझ्या हाताच्या अंतरावरून गेल्या. मी सांगितलं होतं तसं त्यांनी समोर बघितलं, माझ्याकडे एकदाही नाही.